जर्बिलचा आहार आणि पाकिटावरील आकडे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

घरात पाळण्यासाठी जर्बिल हा उंदरासारखा लहान प्राणी आणणाऱ्यांना त्याच्या पिंजऱ्याविषयी, पळण्याच्या चाकाविषयी आणि रंगाविषयी पुष्कळ सांगितले जाते. त्याला खायला काय द्यावे, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा सूर्यफुलाच्या बियांनी भरलेल्या एखाद्या रंगीत पाकिटावर सोपवून दिला जातो. असे मिश्रण ‘संपूर्ण आहार’ म्हणून विकले जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागील कारणे आपल्या वाचकांपुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पाळला जाणारा जर्बिल मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनमधील कोरड्या गवताळ व निमवाळवंटी प्रदेशातला. तेथे तो मुख्यतः गवताचे बी, पाने आणि मुळे खातो, क्वचित एखादा कीटकही खातो, आणि त्यासाठी त्याला बरेच भटकावे व उकरावे लागते. पिंजऱ्यात ही मेहनत संपते आणि अन्न मात्र अधिक स्निग्ध होते. सूर्यफुलाच्या सोललेल्या बीमध्ये वजनाच्या जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो, शिवाय तीत कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस कितीतरी पट अधिक असते. अशा बियांवरच वाढलेल्या जर्बिलला लठ्ठपणा येतो आणि त्याची हाडे कमकुवत होऊ शकतात. त्यातच आहारातील स्निग्धांश वाढला की जर्बिलच्या रक्तातील कोलेस्टेरॉल सहज चढते.

मिश्रणात इतर दाणेही असतातच की, असे यावर कोणी म्हणेल. असतात, पण ते पोटात जातात का, हे पाहण्यासाठी काही मिनिटे पिंजऱ्याजवळ बसावे. जर्बिल भांड्यातले दाणे दोन्ही बाजूंना उडवत सूर्यफुलाची बी शोधून काढतो, मागच्या पायांवर बसून ती पुढच्या पंजांत फिरवतो, कडेला दात लावून टरफल उभे फोडतो आणि टरफलाचे तुकडे टाकून लगेच दुसरीकडे वळतो. दाबून केलेल्या गोळ्यांना, ज्यांत खरी जीवनसत्त्वे व क्षार असतात, तो बहुधा तोंडही लावत नाही. ताटातील गोड पदार्थ तेवढा संपवून उठणाऱ्या मुलासारखाच हा प्रकार आहे, आणि पाकिटावर छापलेले पोषणमूल्य त्यामुळे कागदावरच राहते.

याहून मोठा घोटाळा रिकाम्या भांड्यामुळे होतो. जर्बिल हा साठवण करणारा प्राणी आहे. हॅमस्टर या दुसऱ्या पाळीव उंदीरवर्गीय प्राण्यासारख्या गालपिशव्या त्याला नसतात, म्हणून तो दाणे तोंडात धरून थोडे थोडे नेतो, बिछान्यात खड्डा करून पुरतो आणि वरची माती किंवा भुसा पंजांनी सारखा करतो. भांडे रिकामे दिसले की मालकाला वाटते, बिचारा उपाशी आहे, आणि तो पुन्हा भांडे भरतो. वास्तविक 60 ते 100 ग्रॅम वजनाच्या प्रौढ जर्बिलला दिवसाला साधारण 5 ते 8 ग्रॅम कोरडे खाद्य पुरते. तेवढेच मोजून द्यावे, आणि शक्य तर भांड्यात न ठेवता बिछान्यावर विखरून द्यावे, म्हणजे शोधण्या-उकरण्याची त्याची हौसही भागते. त्याने केलेला साठा मात्र एकदम उपसून टाकू नये. त्याने जर्बिल अस्वस्थ होतो. नवे खाद्य थोडे कमी केले की पुरलेले दाणे तो आपणच काढून खातो.

ताज्या भाज्या द्याव्यात, पण अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यापेक्षा जास्त नकोत आणि रोज देण्याचीही गरज नाही. गाजर किंवा ब्रोकोली चालते. पाणीदार भाज्या जास्त झाल्या तर जुलाब होतात. न खाल्लेला तुकडा त्याच दिवशी काढून टाकावा, नाहीतर तोही पुरला जातो आणि तेथेच कुजतो. कांदा, लसूण, चॉकलेट, कच्चे राजमे आणि आंबट फळे अजिबात देऊ नयेत. सुके गवत आणि कोरा पुठ्ठा नेहमी असू द्यावा, कारण जर्बिलचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडण्याने ते झिजतात.

वाळवंटातला प्राणी, त्याला पाणी कशाला, असा एक समज ऐकू येतो. तो घातक आहे. जर्बिल थोडे पाणी पितो हे खरे, पण कोरड्या खाद्यावर राहणाऱ्याला ते चोवीस तास मिळालेच पाहिजे, आणि बाटलीच्या नळीतून थेंब खरोखर येतो आहे का, हे रोज बोट लावून पाहावे. नवे खाद्य सुरू करताना ते जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत बदल करावा व आठवड्यातून एकदा जर्बिलचे वजन करावे. ते सलग घटत असेल तर पशुवैद्यांकडे जाण्यास उशीर करू नये.

खाद्य बनवणाऱ्यांकडे आणि विकणाऱ्यांकडे माझी मागणी मोठी नाही. पाकिटाच्या दर्शनी बाजूस प्रथिने व स्निग्धांश यांचे प्रमाण ठळक छापावे. प्रौढ जर्बिलच्या खाद्यात प्रथिने 12 टक्क्यांहून कमी नसावीत (वाढत्या पिलांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला त्याहून बरीच अधिक लागतात) आणि स्निग्धांश 8 टक्क्यांच्या आत असावा. सशांचे किंवा गिनीपिगचे खाद्य जर्बिलच्या नावाने खपवू नये, कारण त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. आणि ज्या मिश्रणात निम्म्याहून अधिक सूर्यफूल आहे, त्यावर ‘केवळ खाऊ म्हणून, अल्प प्रमाणात’ एवढी ओळ छापावी.

आपला विश्वासू,
एक जर्बिलपालक वाचक