एका टिंबाचे ऋण

आदरणीय अण्णा,

सादर प्रणाम.

शिकवणीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत आणि शाल-श्रीफळाचा विषय काढला तेव्हा उठून आत निघून गेलात. आभार मानण्याचा एकही मार्ग तुम्ही शिल्लक ठेवला नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. नाव लिहायचे नाही ही तुमची अट मी पाळली आहे. साखर पेठेत ज्यांना ओळखायचे ते तुम्हाला ओळखतीलच.

तो दिवस तुम्हाला कदाचित आठवत नसेल, पण माझ्या मनातून तो जात नाही. पन्नाशी उलटल्यावर मी गायनाच्या वर्गात नाव घातले होते, आणि आजोबांच्या ट्रंकेत सापडलेले, मुखपृष्ठ गळून गेलेले स्वरलिपीचे एक जुने पुस्तक मांडीवर घेऊन मालकंस रागातील एक बंदिश बसवण्याचा प्रयत्न करीत होते. पहिल्याच ओळीतील धैवत (ध) आणि निषाद (नी) या स्वरांवर टिंबे होती. वर्गात शिकल्याप्रमाणे वरचे टिंब म्हणजे तार सप्तक, म्हणजे उंच स्वर, या समजुतीने मी ते स्वर लावायला गेले आणि गळा जागीच अडकला. कित्येक अक्षरांचे पाय मोडलेले होते, तो मला छापखान्याचा दोष वाटला. तीन संध्याकाळी असाच प्रयत्न केल्यावर आपल्याला गाणे जमणार नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. त्या तिसऱ्या संध्याकाळी जिना चढता चढता तुम्ही दारात थांबलात, चष्मा पुसून पुस्तक पाहिलेत आणि म्हणालात, ‘‘अहो ताई, तुम्ही चुकत नाही ओ. पुस्तक दुसऱ्या विष्णूचं आहे.’’

मग तुम्ही समजावून सांगितलेत. विष्णू नारायण भातखंडे यांच्या लिपीत स्वरावरचे टिंब तार सप्तक दाखवते आणि खालचे मंद्र, म्हणजे खालचे सप्तक. विष्णू दिगंबर पलुस्कर यांच्या लिपीत मात्र वरचे टिंब मंद्र सप्तकाचे असते आणि तार सप्तकासाठी स्वराच्या डोक्यावर उभी रेघ येते. भातखंडे कोमल, म्हणजे थोड्या उतरलेल्या, स्वराखाली आडवी रेघ ओढतात, पलुस्कर त्याच अक्षराचा पाय मोडतात. म्हणजे ज्याला मी छापखान्याचा दोष समजत होते तो कोमल गंधार (ग) होता, आणि जे धैवत-निषाद मी शिखरावर शोधत होते ते षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या खाली, माझ्या आवाजाला सहज पोहोचता येईल अशा जागी, शांतपणे बसलेले होते. तुम्ही पेटीवर षड्ज धरलात आणि मी ती ओळ पहिल्यांदा नीट गायले. त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी का आले हे तुम्ही विचारले नाही, याबद्दलही आभार.

त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी तुम्ही मला विष्णू या नावाच्या माणसांची ओळख करून दिलीत. सोलापुरात विष्णू म्हटले की जुन्या माणसांना आधी लक्ष्मी-विष्णू मिल आठवते, आणि तुमचे तर उभे आयुष्य तिथल्या साचेखात्यात गेले. तरीही भोंगा आणि पाळी यांच्या आठवणी थोडक्यात आवरून तुम्ही १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणणाऱ्या विष्णुदास भाव्यांकडे वळायचात, तिथून १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांकडे. परंतु या दोघांना नमस्कार करून गाडी पुन्हा आपल्या दोन विष्णूंवरच येत असे.

पलुस्करांविषयी बोलताना तुमचा आवाज बदलतो. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या या मुलाची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या दारूने अधू झाली, पुस्तकी शिक्षणाची वाट बंद झाली, म्हणून त्याला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला पाठवण्यात आले. ज्याला अक्षरे वाचणे कठीण झाले होते, त्यानेच पुढे गाणे कागदावर उतरवण्याची लिपी तयार केली, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा ते जुने पुस्तक मला वेगळेच दिसू लागले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ते कोणा संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, तर लोकांच्या पैशावर चालावे हा त्यांचा आग्रह होता, आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली, कारण पुढे मुंबईत उभी केलेली विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. ‘‘इमारत गेली, शिष्य राहिले,’’ असे म्हणून तुम्ही ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही नावे एका दमात घेता.

भातखंडे त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे, मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले, व्यवसायाने वकील. त्यांनी देशभर हिंडून, ग्रंथालये धुंडाळून आणि घराण्यांच्या उस्तादांपुढे शिष्य म्हणून बसून बंदिशी गोळा केल्या, त्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या आणि रागांची दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या दहा मूळ चौकटींत, मांडणी केली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि १९२६ साली लखनौला संगीत महाविद्यालय सुरू झाले, त्या दोन्हींमागे तेच होते. मला मात्र सर्वांत जवळची वाटते ती त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’, कारण एवढा मोठा शास्त्रग्रंथ त्यांनी मराठीत आणि गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिला आहे. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, शिष्याचे समाधान होत नाही, तो पुन्हा विचारतो. आपले गुरुवार असेच गेले आहेत.

या दोघांचे एकमेकांशी फारसे जुळले नाही, हे तुम्ही माझ्यापासून लपवले नाही. एकाची भिस्त शास्त्रावर आणि चिकित्सेवर, दुसऱ्याची भक्तीवर आणि शिष्यांच्या फौजेवर. मी तुम्हाला थोरला कोण असे विचारले तेव्हा तुम्ही उत्तर न देता माझ्याकडून तीच बंदिश वहीत दोन्ही लिपींत लिहवून घेतलीत. लिहिताना मला जे जाणवले ते असे: भातखंड्यांची लिपी डोळ्यांना सोपी आहे आणि नवशिक्याला आधी तीच द्यावी, पण पलुस्करांच्या लिपीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालमानाची खूण असल्यामुळे स्वर किती वेळ धरायचा याचा हिशेब चुकवता येत नाही. माझी लय सुधारली ती त्या खुणांमुळे. या बाबतीत तुमचे मत वेगळे असले तरी माझे मत ठाम आहे.

आणि शेवटी तुमच्या आवडीचे गाणे. विष्णू दिगंबरांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णू पलुस्कर वडील गेले तेव्हा दहा वर्षांचे होते आणि स्वतः गेले तेव्हा जेमतेम चौतीस. त्यांचा श्री राग तुम्ही मला दिवेलागणीला, घरातला दिवा न लावता, ऐकवलात. त्या आवाजात कुठेही घाई नव्हती. नंतर देवधरांच्या हाताखाली घडलेल्या कुमार गंधर्वांचे गाणे तुम्ही लावलेत आणि त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी असल्याचे सांगताना सिद्धेश्वराच्या देवळाच्या दिशेने हात जोडलेत. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गावातल्या माणसाला ते नाव घेताना आनंद होणारच. आज माझ्या आवडीच्या गाण्यांत ही दोन नावे सर्वांत वर आहेत.

ती दोन लिपींची वही अजून तुमच्याकडेच आहे. ती तिथेच राहू द्या. तुमच्याकडे आणखी कोणी वरच्या टिंबापाशी अडलेले आले तर उपयोगी पडेल. मालकंस झाला, आता भैरव घ्यायचा असे तुम्ही म्हणाला होतात. येत्या गुरुवारी आजोबांचे पुस्तक घेऊन मी सहा वाजता येते.

तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी,
सोलापूर