इशाऱ्यातला ‘घाटमाथा’ गाळू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी माण तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. पावसाळ्याचे चार महिने पेपर हातात पडला की आधी हवामानाची चौकट बघतो, मग बाकीच्या बातम्या. त्या चौकटीवर आमची पेरणी ठरते, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एक सर होऊन वरची चार बोटे माती भिजली होती. पेरावे की थांबावे, अशी घालमेल चालू असताना ‘सातारा जिल्ह्यात मुसळधार पावसाचा इशारा’ ही बातमी वाचली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच पेरणीला लागलो. तीन एकर बाजरी पेरली. पुढचे सोळा दिवस आभाळ रोज भरून यायचे आणि वाऱ्याबरोबर पूर्वेला निघून जायचे. तास बोटाने उकरून पाहिला, तर दाण्याला मोड आलेला, पण त्याचे टोक करपून तपकिरी झालेले. दुबार पेरणीला बियाणे उसनवारीने आणले. नंतर भाच्याने हवामान खात्याचे मूळ पत्रक मोबाइलवर उघडून दाखवले. त्यात स्वच्छ लिहिले होते: सातारा घाटमाथा, तुरळक ठिकाणी. बातमीत येईपर्यंत ‘घाटमाथा’ गळाला, ‘तुरळक’ही गळाले आणि उरला तो नुसता जिल्हा.

सातारा जिल्ह्याला एकच पाऊस नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. घाट उतरून वाईला आलात की तो हजाराच्याही आत येतो आणि साधारण शंभर किलोमीटर पूर्वेला आमच्याकडे पाचशेही भरत नाही.

असे का होते, हे मला पुस्तकापेक्षा एसटीने जास्त शिकवले. जुलैत वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोचलो, की खिडकीतून धुके आत येते आणि शर्टाच्या बाहीवर बारीक थेंब दिसू लागतात. ते धुके म्हणजेच ढग. अरबी समुद्रावरची दमट हवा सह्याद्रीला अडली की वर चढते. वर हवेचा दाब कमी, म्हणून ती फुगते आणि फुगताना थंड होते; ढग धरेपर्यंत किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी. पुरेशी थंड झाली की तिच्यातली वाफ मिठाच्या, धुळीच्या सूक्ष्म कणांवर पाणी होऊन बसते. उन्हाळ्यात गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसेच हे. पण ढगातला थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. पावसाचा एक टपोरा थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. घाटमाथ्यावर हवा सतत वर ढकलली जात असल्यामुळे ते जमते. आमच्या बाजूला तीच हवा खाली उतरते, तापते, कोरडी होते आणि ढग विरत जातो. आभाळ काळे दिसूनही जमीन का भिजत नाही, त्याचे उत्तर हे आहे.

आमचा भरवसा वळवावर आणि परतीच्या पावसावर. ते ढग निराळे. दुपारच्या उन्हाने तापलेली हवा जागच्या जागी उसळते, तासाभरात ढगाचा डोंगर उभा राहतो आणि कधीकधी बांधाच्या एका बाजूला पाणी तुंबते तर दुसऱ्या बाजूला धूळ राहते. असा ढग दोनचार किलोमीटरचा. देशाचा अंदाज पूर्वी १२ किलोमीटरच्या चौकोनांत काढला जायचा, मे २०२५ पासून तो ६ किलोमीटरवर आला आहे. मोठी प्रगती आहे ही, पण वळीव कोणत्या गावात कोसळेल हे त्यातूनही सकाळी सांगता येत नाही. त्यासाठी आम्ही हवामान खात्याला दोष देत नाही. ‘वेधशाळेचा अंदाज कधी खरा ठरत नाही’ हे पारावरचे बोलणेही मला पटत नाही. मूळ पत्रकातले शब्द फार जपून वापरलेले असतात.

त्या शब्दांना ठरलेला अर्थ आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्याला पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘जोरदार’ हाही बातमीत जोर आणायचा शब्द नव्हे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक, तेव्हाच तो लागू होतो.

म्हणून विनंती अशी की हे शब्द छापताना गाळू नयेत आणि त्यांचा अर्थ हंगामभर चौकटीच्या तळाशी दोन ओळींत द्यावा. घाटमाथा आणि पूर्व भाग वेगळे छापावेत. शिवाय महसूल मंडळांतल्या स्वयंचलित केंद्रांवर पावसाची रोज नोंद होते. आदल्या दिवशीचा अंदाज आणि प्रत्यक्ष पडलेला पाऊस शेजारी शेजारी छापलात, तर आपल्या मंडळात कोणत्या अंदाजाला किती धरून चालायचे, हे महिन्याभरात शेतकऱ्याला आपोआप कळेल. सगळ्या मंडळांना जागा पुरत नसेल, तर निदान माण, खटाव आणि फलटण तालुक्यांपासून सुरुवात करावी. मृग निघायच्या आधी झाली तर यंदाच्या पेरणीला उपयोग होईल.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी, ता. माण, जि. सातारा