मनूस, नव्या गॅलरीबद्दल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

गॅलरीत फुलपाखरं यावीत म्हणून कुठली फुलझाडं लावू, असं विचारलंस. फुलं लाव गं, पण आधी कढीपत्ता लाव. मध प्यायला फुलपाखरू कितीतरी फुलांवर बसतं. अंडी मात्र अळीला चालणाऱ्या पानावरच घालतं. लिंबावर दिसतं ना, ते काळं-पिवळसर फुलपाखरू कढीपत्त्यावरही येतं. त्याची लहान अळी थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून पक्षी फसतात. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचलं तर डोक्यामागून शिंगं काढून उग्र वास सोडते. पानांचा फडशा पाडेल. पाडू दे. फोडणीपुरता कढीपत्ता भाजीवाल्याकडे मिळतो. औषध मात्र फवारू नकोस.

जागा लहान म्हणून नाउमेद होऊ नकोस. माहीमचं निसर्ग उद्यान जुन्या कचरा डेपोवर उभं राहिलंय. तिथे झाडं लावली, मागोमाग फुलपाखरं आली.

फाल्गुन लागलाय. इकडे नॅशनल पार्कात पांगारा, काटेसावर फुललेत आणि सगळे माना वर करून फोटो काढतात. मला तुला खालचं दाखवायचंय. वाटेकडेची एकदांडी: लांब देठ, पिवळं बटण, भोवती पांढरट पाकळ्या. तिच्यावर नखाएवढी निळी फुलपाखरं बसतात. रुईपाशी बिबळ्या कडवा हे फुलपाखरू हमखास भेटतं. रुईच्या चिकातलं विष त्याची अळी अंगात साठवते, ते फुलपाखरातही उतरतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही, म्हणून ते एवढं निवांत उडतं.

आणि माझं सगळ्यात लाडकं हळदीकुंकू! पंख मिटले की पिवळ्यावर लाल ठिपके. त्याच्या अळ्या बांडगुळाची पानं खातात, घोळक्याने. सोसायटीतल्या आंब्यावरचं बांडगूळ काढायचं चाललंय. फार माजलं तर झाड खंगतं, हे मलाही पटतं; पण एका फांदीवरचं तरी ठेवा, असं मी सेक्रेटरींना सांगितलंय. बैठकीतही सांगणार आहे.

रविवारी ये. नऊच्या सुमारास निघू, ऊन अंगाला लागल्याशिवाय फुलपाखरं नीट उडत नाहीत. टोपी आण. कढीपत्त्याचं रोप मी काढून ठेवलंय, जाताना घेऊन जा.

तुझी,
आई