गुपित नेमके कोणापासून?

‘ब्रेग्झिटच्या (ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या) वाटाघाटीत संसदेनेच सरकारचे हात बांधले’ हा आपल्या रविवारच्या अंकातील लेखाचा सूर पटला नाही. वाटाघाटीत सगळे पत्ते उघडे टाकता येत नाहीत, हे मान्य. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये ब्रिटिश खासदारांनी डावपेच मागितलेच नव्हते. त्यांना हवा होता तो अ‍ॅटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा सल्लागारांनी, युरोपीय संघाशी ठरलेल्या करारावर दिलेला संपूर्ण कायदेशीर सल्ला. पंतप्रधान थेरेसा मे यांच्या सरकारने सारांशावर बोळवण केली. ४ डिसेंबरला हाउस ऑफ कॉमन्सने ३११ विरुद्ध २९३ मतांनी सरकारलाच सभागृहाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी तो सल्ला मुकाट्याने प्रसिद्ध झाला. त्यात होते काय? नवा करार होईपर्यंत उत्तर आयर्लंडची सीमा खुली ठेवण्यासाठीची तरतूद अनिश्चित काळ लागू राहू शकते, हा इशारा! कराराचा मसुदा तोवर जगजाहीर होता. ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, वकिलांना तो वाचता येत नव्हता असे थोडेच आहे? म्हणजे हे गुपित राखले जात होते ते समोरच्या पक्षापासून नव्हे, ज्यांनी त्यावर मत द्यायचे होते त्या खासदारांपासून. लेखात डिसेंबरमधील त्या आठवड्याचा साधा उल्लेखही नाही.

– एक वाचक, ठाणे