बाबू, किल्ल्या कुणाकडं तरी दे

प्रिय बाबू,
सलाम. रविवारी तू चिडून फोन ठेवलास, तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाही. फोनवर आपलं भांडणच होतंय म्हणून लिहायला बसलोय. बीपीचं काढणार नाही असं ठरवलंय. सूनबाई म्हणाली १६०-१००. असो.

चौतिसाव्या वर्षी चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी झालास, मी खानापुरात चार जणांना सांगितलं की, दोघांना तर दोनदा. पण चर्चच्या किल्ल्या तुझ्याकडं, मांडववाल्याचा हिशेब तुझ्याकडं, नाताळच्या कॅरलची गाडी तूच ठरवणार, वर उद्यमबागेतल्या वर्कशॉपची लेथ आहेच. दुपारी जेवतोस कधी रे?

बायबलातला निर्गमचा १८वा अध्याय काढ. मोशेच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमायला सांगितलं, हे संडेस्कूलमध्ये तूच पोरांना शिकवतोस. मला आता त्यातलं वेगळंच दिसतंय. सासरा आला तो मोशेच्या बायकोला, सिप्पोराला, आणि दोन्ही पोरांना घेऊन आला, मोशेनं त्यांना माघारी धाडलं होतं ना. आणि दुसऱ्या दिवशी हा गडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला! तू झिजून जाशील असं म्हातारा म्हणाला, आणि तुझ्याबरोबरचे लोकपण. लोकपण झिजतात बाबू, दिवसभर ताटकळून. तुझ्या दारात त्या दिवशी किल्लीसाठी उभी होती ती पोरं, तशी.

तू म्हणशील, चांगली माणसं कुठं आहेत. अरे, इथ्रोनं देवाला भिणारी, खरी, लाच न खाणारी माणसं बघ म्हटलं, तुझ्यासारखीच माणसं बघ असं नाही म्हटलं. आणि अवघड प्रकरणं मोशेकडंच राहिली, त्याचा मान काय कमी झाला नाही.

कन्नड उपासनेवाली पोरं हिशेबावरून कुरकुर करतात म्हणालास. प्रेषितांची कृत्ये ६ बघ. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली, तर बारा प्रेषितांनी वाटप आपल्याच हातात धरून ठेवलं नाही, मंडळीला सांगितलं की तुमच्यातले सात निवडा. साती नावं बघ, स्तेफन, फिलिप्प, सगळी ग्रीक. कुरकुर करणाऱ्यांच्यातलीच म्हण की! नाताळचा हिशेब त्या कन्नड पोरांतल्या एकाकडं देऊन तर बघ. चुकेल एकदा. चुकू दे.

लेक्चर झालं, माफ कर. हे मी सांगणं म्हणजे पण गंमतच आहे. वर्कशॉपच्या कपाटाची किल्ली मी बावीस वर्षं करगोट्याला बांधून फिरलो. तुझी आज्जी गेली त्या रात्री मी घरात नव्हतो, मालाची गाडी आली होती आणि कपाट माझ्याशिवाय उघडत नव्हतं, म्हणजे मीच उघडू देत नव्हतो. नंतर हात कापायला लागले तेव्हा किल्ली तुला दिली, ती पण रागानंच. त्या वेळी तू काही बोलला नाहीस, नुसती घेतलीस. तुला आठवत नसेल, मला आठवतंय.

लढाईत वर धरलेले मोशेचे हात सुद्धा जड झालेच की. अहरोन आणि हूर दोन्हीकडून धरून उभे राहिले, सूर्य मावळेपर्यंत. तुझ्याजवळ कोण आहे? सूनबाईला धरू देतोस का? ती विचारती तर फाडकन बोलतोस म्हणे. हे तिनं सांगितलं नाही, धाकटीनं सांगितलं, तिला रागावू नको.

इथ्रोचं एक बरं आहे, सल्ला दिला आणि मोशेचा निरोप घेऊन आपल्या देशी निघून गेला, तो ऐकतोय की नाही हे बघत बसला नाही. मला नाही जमत ते. शनिवारच्या बसनं आम्ही दोघं येतोय, आई तांबडे पोहे आणि लोणचं आणतीय, तुला स्टँडवर यायची गरज नाही, रिक्षा करतो. कुणाला तरी पाठवलंस तरी चालेल, तूच पाहिजेस असं नाही.

रात्रीची गोळी घेतलीस का तेवढं आईच्या फोनवर कळव.

तुझा,
अप्पा