सहा वर्षांच्या खंडाने दार बंद होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या करिअर पुरवणीतील सॉफ्टवेअर क्षेत्रावरचा लेख मी दोन वेळा वाचला. पहिल्या वाचनात राग आला, म्हणून रात्र जाऊ दिली आणि सकाळी पुन्हा वाचला. राग कमी झालेला नाही, म्हणून हे पत्र. दरवर्षी एक नवी भाषा शिकली नाही तर माणूस या क्षेत्रातून बाहेर फेकला जातो आणि ज्याचा पाच वर्षांचा खंड पडला त्याने परत येण्याचा विचारच करू नये, असे लेखकांनी ठामपणे लिहिले आहे. त्यांचा अनुभव मोठा असेल. परंतु हे वाक्य बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या किती घरांत वाचले गेले असेल आणि तिथल्या किती सुनांनी ते वाचून पुरवणी मुकाट्याने घडी करून ठेवली असेल, याचा विचार लिहिण्यापूर्वी व्हायला हवा होता. माझा स्वतःचा खंड सहा वर्षांचा आहे.

मी १९९९ साली बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रोग्रॅमर म्हणून लागले. माल किती आला, किती वितळला, किती भंगारात गेला याचा हिशेब ठेवणारी प्रणाली मी व्हिज्युअल बेसिक ६ या संगणक-भाषेत लिहीत असे. २००८ मध्ये सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि मी काम सोडले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक ६ चा आधार, म्हणजे चुका दुरुस्त करून देणे, थांबवला, हे मला फार नंतर कळले. सासूबाई गेल्यावर, २०१४ मध्ये, मी कोल्हापुरातल्या एका कंपनीत मुलाखतीला गेले. समोरच्या तरुणाने विचारले, कामाच्या जुन्या-नव्या प्रती तुम्ही कशा सांभाळता? मी खरे ते सांगितले की रोज संध्याकाळी तारीख घातलेला एक फोल्डर करून पेन ड्राइव्हवर ठेवत असे. त्याने 'गिट' हा शब्द उच्चारला. कोडच्या जुन्या-नव्या प्रती सांभाळणारे ते साधन २००५ पासून, म्हणजे मी नोकरीत असतानाच, जगात होते आणि मी ते कधी पाहिलेही नव्हते. त्याने आणखी चार नावे घेतली, ती चारही मला नवीन होती. नंतर त्याने एका कागदावर तीन तक्ते काढून दिले आणि त्यांतून थकबाकीदारांची यादी काढायला सांगितली. ती यादी काढणारी आज्ञा, म्हणजे क्वेरी, मी तिथेच हाताने लिहिली आणि ती बरोबर होती. नोकरी मिळाली नाही, पण परतीच्या एसटीत निपाणी येईपर्यंत मी त्या कागदाचाच विचार करत होते.

लेखात नेमके हेच सुटले आहे. आपल्या ज्ञानाचे काही भाग दुधासारखे नासतात आणि काही भाग वर्षानुवर्षे टिकतात, आणि कोणता भाग कोणत्या जातीचा हे ओळखता येणे हेच या धंद्यातले पहिले कौशल्य आहे. तक्त्यांच्या नात्यांवर उभ्या असलेल्या डेटाबेसची कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली, अशा डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेचे पहिले प्रमाणीकरण १९८६ साली झाले, आणि मी १९९९ मध्ये गिरवलेले तक्त्यांचे जोड २०१४ मध्ये चालले, आजही चालतात. याउलट २०१० साली आलेल्या आणि पुढे गाजलेल्या अँग्युलर जेएस या वेबपाने बांधण्याच्या साधनाचा आधार २०२१ च्या अखेरीस संपला. जावा या भाषेची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते हे लेखकांचे म्हणणे खरे आहे, २०१८ पासून मार्च आणि सप्टेंबर असा तो क्रमच आहे. परंतु दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्या ८, ११, १७, २१ अशा काही वर्षांच्या अंतराने येतात आणि बहुतेक कामे त्यांच्यावरच चालतात, एवढे एक वाक्य लिहिले असते तर वाचणाऱ्या मुलाच्या छातीवरचा धोंडा उतरला असता.

त्या मुलाखतीनंतर मी शहरातल्या एका क्लासमध्ये पायथन ही संगणक-भाषा शिकले. तिथे पायथन २ शिकवत होते. पायथन ३ येऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती आणि जुन्या आवृत्तीचा शेवट ठरलेला होता, पण हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि विचारायला हवे हे मलाही सुचले नाही. शिकलेले हातातून जाऊ नये म्हणून मी माहेरी, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी, थोरल्या भावाच्या दूध संकलन केंद्रासाठी एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन घटक), दर, दहा दिवसांचे बिल आणि दिवाळीचा बोनस. पहिल्याच आठवड्यात अडले ते सभासदांच्या नावांवर. नावे मराठीत, पावतीवरची एक ओळ कन्नडमध्ये, आणि दोन्ही जोडायला गेले की प्रोग्रॅम बंद पडे, कारण पायथन २ मध्ये साधा मजकूर आणि युनिकोड मजकूर, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणारा मजकूर, या दोन वेगळ्या वस्तू होत्या. मी वाटा काढल्या आणि ते कसेबसे चालू केले. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला दोन लिप्या एका कागदावर लागतात, हे क्लासच्या उदाहरणांत कुठून येणार?

पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपणार म्हणून २०१९ च्या पावसाळ्यात मी तो प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत लिहून काढला. नवा प्रोग्रॅम विश्वासाने हाती देण्यापूर्वी मी मागच्या वर्षांचे आकडे जुन्यातून आणि नव्यातून असे दोन्हींतून काढून ताडून पाहिले. पावत्या जुळल्या. बोनस जुळेना. एका दिवशी संध्याकाळी सहापासून रात्री एकपर्यंत बसून मला कारण सापडले. बोनसची एकूण रक्कम पैशांत मांडून तिला एकूण लिटरांनी भागले की लिटरमागचा बोनस निघतो. पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर अपूर्णांक टाकून दिला जातो, सातला दोनने भागले की उत्तर तीन. लिटरमागे ८७.९ पैसे यायचे तिथे माझा प्रोग्रॅम ८७ पैसे धरत होता. वर्षाला तीन हजार लिटर घालणाऱ्या सभासदाचे त्यात २७ रुपये कमी झाले होते, आणि हे सगळ्यांचेच, त्या प्रमाणात. पैसे कोणी खाल्ले नव्हते, ते केंद्राच्या खात्यातच शिल्लक पडले होते. पण माझ्या एका भागाकारामुळे ते ज्यांचे होते त्यांना मिळाले नव्हते. भावाने त्या दिवाळीला फरकाची रक्कम प्रत्येकाच्या हातात दिली. एका म्हाताऱ्या सभासदाने मला विचारले, "बाई, दूध तेच, फॅट तीच, मग पैसे कुठनं वाढले?" मी त्यांना ओसरीवर बसून पाटीवर भागाकार करून दाखवला.

कौशल्य अद्ययावत ठेवणे म्हणजे काय, हे मला त्या पाटीवर कळले. आपण वापरतो त्या साधनाची मुदत कधी संपते हे ठाऊक असणे, नवी आवृत्ती आली की तिच्यासोबतची बदलांची टिपणे वाचणे, जुने काम नव्यात नेताना जुन्या आकड्यांशी ताडून पाहणे, आणि वर्षानुवर्षे ज्याची जबाबदारी आपल्यावर आहे असे एक तरी खरे काम हाताशी असणे. पायथनची नवी आवृत्ती आता दर ऑक्टोबरला येते आणि प्रत्येकीला पाच वर्षे आधार मिळतो. ते टिपण वाचायला एक रविवार दुपार पुरते. पुढे मला नोकरी मिळाली ती याच कामामुळे. मुलाखतीत मी भाषांची यादी सांगितली नाही, ८७ पैशांची गोष्ट सांगितली. आज एका कंपनीचे काम मी बेळगावच्या शहापूर भागातल्या घरूनच करते.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी लेखकांनी शेवटच्या परिच्छेदात जे लिहिले आहे, की आता कोड यंत्रच लिहील, माणसाने फक्त नीट सांगायला शिकावे, त्यालाही माझा आक्षेप आहे. ही साधने मी रोज वापरते आणि त्यांनी माझे बरेच कष्ट वाचवले आहेत. गेल्या वर्षी बोनस वाटपाचा तोच भाग मी एका साधनाकडून लिहून घेतला. अर्ध्या मिनिटात सुबक कोड आला, पण त्यात रुपये साध्या दशांश संख्येत धरले होते. संगणक तशा संख्या द्विमान पद्धतीने ठेवतो आणि ०.१ मध्ये ०.२ मिळवले की नेमके ०.३ येत नाही, सतराव्या दशांश स्थळी ४ चा आकडा उरतो. पैशांच्या हिशेबासाठी वेगळा प्रकार वापरायचा असतो, हे मला पूर्वीच्या चुकीमुळे चटकन दिसले. ज्याने कधी स्वतः भागाकार चुकवून दुरुस्त केलेला नाही, त्याला ते दिसले नसते. नीट सांगता येण्यासाठी आधी नीट वाचता यावे लागते.

आता एक तक्रार थेट आपल्याकडे. त्याच पुरवणीत, त्याच लेखाखाली, चार महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या एका क्लासची पाव पान जाहिरात आहे. वर माणसाला घाबरवणारा लेख आणि खाली त्या भीतीवरचा विकत मिळणारा इलाज, ही मांडणी मला अतिशय खटकली. माझ्या भाच्याने अशाच एका क्लासची फी भरली, त्या वर्षीचे उसाचे बिल त्यात गेले. त्याला सात तंत्रज्ञानांची नावे असलेले प्रमाणपत्र मिळाले आणि एकाही मुलाखतीत दोन माणसांनी एकाच वेळी एकच नोंद बदलली तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले नाही. क्लासमध्ये त्याला ते कोणी विचारलेच नव्हते. त्याच्या महाविद्यालयातही अजून टर्बो सी या जुन्या काळच्या साधनावर प्रात्यक्षिके होत होती, त्यामुळे पूर्णांकाला दोन बाइट लागतात असे तो सांगून आला. आजच्या संगणकांवर सर्वसाधारणपणे चार लागतात. मुलगा हुशार आहे आणि कष्टाळूही आहे. हमी कसली होती, किती मुलांना नोकरी लागली, कोणत्या कामाची लागली, हे विचारल्याशिवाय अशा जाहिराती छापू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. सरकारच्या स्वयम् आणि आयआयटींच्या एनपीटेल या व्यासपीठांवर शिकणे विनामूल्य आहे, फक्त परीक्षा द्यायची तर शुल्क पडते, ही माहिती त्याच पाव पानात मावली असती.

पुण्या-बेंगळुरूच्या मुलांना कार्यालयातच कोणीतरी ज्येष्ठ भेटतो, जो लिहिलेले वाचून इथे चुकले म्हणून सांगतो. आमच्याकडच्या लहान कंपन्यांत बहुधा एकच प्रोग्रॅमर असतो आणि त्याचे काम कोणी वाचत नाही. मीही उद्यमबागेत नऊ वर्षे तशीच होते, आणि माझे ज्ञान नोकरी सोडण्याआधीच जुने झाले ते त्यामुळेच. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या शहराला लागून आहे, उद्यमबागेत कारखाने आहेत, गावोगावी दूध संस्था आणि पतसंस्था आहेत, म्हणजे शिकवणारेही आहेत आणि खरी कामेही आहेत. आपल्या वृत्तपत्राने मनावर घेतले तर त्यांना एका खोलीत बसवता येईल.

तोपर्यंत मी एवढेच करू शकते. दर शनिवारी दुपारी तीन ते सहा मी घरी असते. शहापूर, वडगाव, खासबाग भागातल्या ज्या कोणाला, विशेषतः खंड पडलेल्या ज्या भगिनींना, आपला कोड कोणीतरी वाचून पाहावा असे वाटत असेल, त्यांनी तो घेऊन यावे. फी नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणाऱ्यांना तो द्यावा.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव