आरवलीचं पाणी आणि वज्रेश्वरीचं

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर गुडघ्याचा विषय निघाला की बाबा "हे घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, आणि आई तोवर शेजारच्या काकूंच्या सुनेवर आलेली असते. पत्र निदान शेवटपर्यंत वाचाल म्हणून लिहितेय.

गेल्या शनिवार-रविवारी आम्ही बँकेतल्या चौघी वज्रेश्वरीला जाऊन आलो. मुलांकडे तुमचे जावई होते. दोन दिवस मॅगी आणि अंडी झाली, पण कोणाचं काही बिघडलं नाही. खरं तर आमचं अलिबाग ठरत होतं. कळव्याची मैत्रीण म्हणाली, समुद्र पुरे झाला, मला गरम पाण्यात पाय सोडून बसायचंय. मग काय, ठाणे जिल्ह्यात राहून भिवंडी तालुक्यातली कुंडं बघितली नाहीत म्हणजे लाजच. घोडबंदरने निघालो. गायमुखच्या घाटात नेहमीसारखे कंटेनर, त्यामुळे तिथेच चहाची तल्लफ आली. पुढे अहमदाबाद हायवेला लागून शिरसाड फाट्याला वळलं की रस्ता एकदम गावाकडचा होतो. पारोळ, उसगाव, दोन्हीकडे डोंगर, कडेला वाल आणि काकड्या घेऊन बसलेल्या बायका. आई, इथे वाडा कोलम थेट शेतकऱ्याकडून मिळतो. पाच किलो घेतलाय, आलीस की खाशील.

बाबा, तुम्हाला देऊळ आवडेल. ते देवळासारखं दिसतच नाही आधी, किल्ल्यासारखं दिसतं. दगडी तट, वर नगारखाना, समोर ५२ पायऱ्या. चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला होता म्हणतात, की किल्ला हाती आला तर तुझं देऊळ किल्ल्यासारखं बांधीन. वसई पडली १७३९ च्या मे महिन्यात. त्याआधी १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला होता, तो म्हणजे आजचा आमचा मध्यवर्ती तुरुंग. रोज रिक्षाने त्याच्या भिंतीला लागून जाते मी, आणि ही दोन्ही ठिकाणं एकाच मोहिमेतली हे तिथे पायऱ्या चढताना डोक्यात आलं. एका पायरीवर सोनेरी कासव कोरलेलं आहे, लोक त्याला हात लावून पुढे जातात. गाभाऱ्यात वज्रेश्वरी मधोमध, आणि तिच्या आजूबाजूला रेणुका, कालिका आणि चक्क परशुराम. तुम्ही चिपळूणला परशुरामाच्या डोंगरावर आम्हाला दर वर्षी न्यायचात, तो इथे आईच्या शेजारी उभा आहे. आईच्या नावाने मी ओटी भरली, खण हिरवा घेतला. नारळ मात्र दामदुपटीने लावला, ते सांगत नाही किती ते.

पायऱ्या ऐसपैस आहेत, मध्ये थांबून दम घेता येतो. तरी मी चढताना तुमचाच हिशेब करत होते, बाबा. गणपतीत तुम्ही आपल्या ओटीवरच्या तीन पायऱ्या कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होतात, ते मी बघितलंय. तुम्हाला वाटलं कोणी बघत नाही.

कुंडं देवळापासून जवळच, अकलोलीला आणि पुढे गणेशपुरीला, तानसा नदीच्या काठाने. तानसाचं धरण वर शहापूर तालुक्यात, तिथलं पाणी मुंबईला जातं, आणि खाली तिच्याच काठावर हे कढत पाणी वर येतं. अकलोलीला उघडी दगडी कुंडं आहेत, चौकोनी, कडेने पायऱ्या. पाणी जिथे दगडाला लागतं तिथे पिवळट-तांबूस थर बसलाय आणि वास आपल्या आरवलीच्या कुंडासारखाच, काडेपेटीचा. आमच्यातल्या घोडबंदरवालीने पाय घातला आणि ओरडून बाहेर काढला. बाजूची एक आजी हसली. म्हणाली, आधी पलीकडच्यात उतर, हे शेवटी. एका कुंडात पाय टिकत नाही आणि हातभरावरच्या दुसऱ्यात लहान मुलं डुंबतायत. कुठे ४० अंश, कुठे ५० च्या आसपास.

आई, तुझा पहिला प्रश्न मला माहीत आहे. बायकांना आडोसा आहे का? उघड्या कुंडावर बायका गाऊन नाहीतर साडी नेसूनच उतरतात, मला स्वतःलाच अवघड झालं. आम्ही फक्त गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसलो. पण जिथे उतरलो होतो तिथे कुंडाचं पाणी आतल्या न्हाणीत घेतलेलं आहे, दार लावून निवांत अंघोळ करता येते. तुला ते चालेल. त्या खोल्यांच्या चादरींबद्दल काही बोलत नाही, आपण आपल्या नेऊ.

रात्री जेवताना आमच्यात वाद झाला. एकीचं म्हणणं, तो मागचा डोंगर म्हणजे जुना ज्वालामुखी, त्याचीच धग अजून आहे. मी तुमची मुलगी, गप्प कशी बसणार? तुम्ही नववीच्या वर्गात फळ्यावर काढायचात ती आकृती मी पेपर नॅपकिनवर काढली. आपला काळा दगड लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग आज कशाला उरतेय? पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं, जितकं खोल तितकं तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं, इतकी साधी गोष्ट. आणि या भेगा अख्ख्या कोकणपट्टीत उत्तर-दक्षिण आहेत. म्हणून पालघरात सातिवली, मग ही वज्रेश्वरी, पालीजवळ उन्हेरे, दापोलीकडे उन्हवरे, मग आपली आरवली, तुरळ, राजवाडी, आणि खाली राजापूरचं उन्हाळे. नॅपकिनवर सगळी नावं एका रेषेत उतरली तेव्हा ती म्हणाली, तुझ्या वडिलांना एकदा भेटायला पाहिजे. आता बघा, तुम्हाला यायला आणखी एक कारण झालं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

ती कुंडावरची आजी भिवंडीकडची होती. पदर खोचून कमरेइतक्या पाण्यात उभी, दोन्ही हातांनी गुडघे चोळत होती. मी विचारलं, बरं वाटतं का? म्हणाली, पाण्यात आहे तोवर बरं वाटतं बाई, वर आलं की परत तेच. वर्षानुवर्षं येते म्हणे ती. बाबा, तुम्हीही आरवलीहून आलात की रात्रीपुरते खूश असता आणि सकाळी संडासातून उठताना आईला हाक मारता. आईने सांगितलंय मला, तिच्यावर चिडू नका.

गरम पाणी खोटं नाही. स्नायू सैल पडतात, रक्त खेळतं, पाण्यात अंगाचं ओझं सांध्यावर येत नाही, म्हणून हलकं वाटतं. पण सांध्यातली झिजलेली कूर्चा पाण्याने भरून येत नाही. आणि तुम्ही बीपीच्या गोळ्या घेता. इतक्या गरम पाण्यात जास्त वेळ बसून एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांसमोर अंधारी येते. मागच्या वेळी आरवलीला तुम्ही "जरा बसतो" म्हणून कट्ट्यावर बसलात, ते हेच असणार. तेव्हा कुंडात जायचं तर दहा मिनिटं, कोणीतरी सोबत पाहिजे आणि हळू उठायचं.

तुम्ही म्हणाल, गरम पाणी आपल्याकडे वीस मिनिटांवर आहे, त्यासाठी ठाण्याला कशाला यायचं. बरोबर आहे. पाण्यासाठी येऊच नका. गुडघा दाखवायला या. तिकडे ज्यांनी "वय झालं, चालायचंच" म्हणून गोळ्या लिहून दिल्या, त्यांनी गुडघ्याला हातसुद्धा लावला नव्हता, हे तुम्हीच मला सांगितलंत. इथे आमच्या घरापासून पायी पाच मिनिटांवर हाडांच्या डॉक्टरीणबाई आहेत. माझ्या बँकेतल्या दोघांच्या आया त्यांच्याकडे जातात. त्यातल्या एकीचं ऑपरेशन झालं, दुसरीला त्यांनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलं, व्यायाम आणि वजन कमी करायला लावलं. म्हणजे दाखवलं की कापलंच असं नाही. कापायचं की नाही ते नंतर तुम्ही ठरवा, मी त्यात एक शब्द बोलणार नाही. बरं, एक बोलीन.

दाखवून झालं की आपण सगळे वज्रेश्वरीला जाऊ, गाडी आपली आहे. बाबांनी खाली बसून नगारखाना बघायचा, आई आणि मी वर जाऊ. जमलंच तर तुम्हीही सावकाश चढा, घाई कोणाला आहे? दुसऱ्या दिवशी गणेशपुरी. तिथे नित्यानंद स्वामींची समाधी आहे. ते गेले १९६१ च्या ऑगस्टमध्ये, आणि आईच्या माहेरी देवघरात त्यांचा तो बसलेला फोटो होता ना, तेच. आईला तिथे तासभर तरी बसायचं असेल, आम्हाला उठवायला लावू नका. चैत्र अमावास्येला देवीची मोठी यात्रा असते, तेव्हा मात्र नको, पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. त्याआधीच, थंडी आहे तोवर.

मांडवीची तिकिटं मी इथून काढते, चिपळूण ते ठाणे. दुपारी बसलात की रात्री जेवायला घरी. चिपळूणपर्यंत दादा सोडेल, त्याला मी बोललेय. पुढच्या महिन्यातला तुमचा कुठला आठवडा मोकळा आहे तेवढं आईने फोन करून सांगायचं. बाबांना विचारू नकोस, ते आंब्याच्या फवारणीचं काढतील. फवारणी दादा करतो.

येताना कुळथाचं पीठ आण, आणि थोडी आमसुलं. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि गुडघ्याचा जुना एक्स-रे लागेल. एक्स-रे आईच्या पिशवीत ठेवायचा. बाबांच्या पिशवीत ठेवला तर तो नेमका घरी राहील.

तुमची
मनू
ठाणे